खराब निघाली तर परत आणा

वाइनच्या दुकानाच्या दारात मी छत्री झटकत होते, तेव्हा आत काहीतरी करपत होतं. आणि काउंटरमागचा माणूस एका म्हाताऱ्या जोडप्याला सांगत होता, "डोळे मिटा. सावकाश श्वास घ्या... पांढऱ्या फुलांचा वास येतोय ना?"

आजोबांनी भिडेखातर मान डोलावली. आजी मात्र सरळ होत्या.

"मला कॉफीचा येतोय," त्या म्हणाल्या.

"वा!" तो खूश झाला. "तो सगळ्यांना नाही येत. फार सूक्ष्म असतो."

मला राहवलं नाही. "सूक्ष्म कसला, चांगला ढळढळीत आहे," मी दारातूनच म्हणाले. "तुमच्या मागच्या खोलीत कॉफी करपतेय."

त्याचा चेहरा एकदम उतरला. नुसता दचकला असता तर मी विसरून गेले असते, पण हा दचकण्याच्या पलीकडचा होता... चोरी पकडल्यासारखा. तो पडदा सारून आत धावला. काहीतरी आदळलं, पाण्याचा चर्रकन आवाज आला, आणि तो परत आला तेव्हा भाजलेली बोटं त्याने कानाच्या पाळीला धरली होती.

"भांडं गेलं," तो म्हणाला. "कॉफीही गेली. फुलं तेवढी राहिली."

आजी खुदकन हसल्या आणि त्यांनी तीच बाटली घेतली. मला वाटतं, त्यांनी ती फुलांसाठी घेतली नाही. तो हसला की त्याच्या डाव्या गालाला एक छोटीशी घडी पडायची, त्या घडीसाठी घेतली.

बाहेर बारीक पाऊस होता. काचेपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे बंदराचं कुंपण, आणि कुंपणावरून डोकावणारं आमचं जहाज – इतकं पांढरं आणि इतकं उंच की कुणीतरी इमारतच आणून पाण्यात ठेवलीय असं वाटावं. आई आणि मावशी प्रवाशांच्या हॉलमध्ये सामानावर बसल्या होत्या. आई नुकतीच पोस्टातून निवृत्त झाली होती. तिला समुद्रावर न्यायचा घाट मावशीने घातला होता, आणि वाइनचाही तिनेच. जहाजाचा नियम असा होता की चढताना प्रत्येक मोठ्या माणसाला एक सीलबंद बाटली हातातल्या पिशवीतून नेता येते. "नियम आहे म्हटल्यावर पाळायला नको?" असं म्हणून मावशीने मला पिटाळलं होतं. "आणि नाकू, लवकर ये. हुंगत बसू नकोस."

नाकू म्हणजे मी. पाण्याचे वास घेणं हा माझा व्यवसाय आहे. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत यंत्रं पुष्कळ आहेत. पण "नळाच्या पाण्याला वास येतोय" अशी तक्रार आली की शेवटी माणसाचंच नाक लागतं. आम्ही काहीजण एका टेबलाभोवती बसतो, कोमट पाण्याच्या बाटल्या एकेक करून उघडतो, आणि मातीचा, गवताचा की औषधाचा, ते सांगतो. त्यापायी मी अत्तर लावत नाही, वासाचा साबण वापरत नाही, सकाळी कॉफी पीत नाही. गावभरचे वास ओळखणाऱ्या बाईच्या अंगाला स्वतःचा असा कसलाच वास नाही.

लग्नाच्या बाबतीत हे नाक माझ्या आड आलं, असं घरचे म्हणतात. एकाच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. दुसऱ्याच्या गाडीत इतका फुलांचा वास होता की मी काच खाली केली, आणि त्याला ते लागलं. मी नाक मुरडत नाही हो. मला फक्त कळतं. आणि जे कळतं ते लपवता येत नाही. खोटं बोलले की माझे कान लाल होतात. लहानपणापासून.

"तुम्हाला काय देऊ?" त्याने विचारलं.

"तीन बाटल्या. जहाजावर न्यायच्या आहेत. एक आईला गोडसर, एक मावशीला काहीही, आणि एक मला... मला कळत नाही त्यातलं."

"कळत नाही म्हणणारीच माणसं बरी असतात," तो म्हणाला. "ज्यांना कळतं त्यांच्यापुढे आमची बोबडी वळते." त्याने चवीसाठी उघडलेली लाल वाइन पेल्यात थोडीशी ओतली. "ही बघा. पिकलेली काळी द्राक्षं, जरासा धूर..."

मी पेला नाकाशी नेला. आणि पुन्हा खाली ठेवला.

"काय झालं?"

"ओला पुठ्ठा," मी म्हणाले. "तळघरात भिजलेली खोकी ठेवल्यावर येतो तसा. हिचं बूच खराब आहे. बुचाला बुरशी धरली की असं होतं."

त्याने पेला उचलला, नाकाशी धरला, भुवया जवळ आणल्या. सगळं अगदी बरोबर केलं. फक्त एकच राहिलं. त्याने श्वास घेतलाच नाही. दिवसभर नाकांसमोर बसणाऱ्या बाईला एवढं दिसतं.

"हं... तुम्ही म्हणता तसं थोडं आहे खरं," तो म्हणाला.

माझ्या पिशवीत संत्री होती. मावशीला गाडी लागते, सालीच्या वासाने तिला बरं वाटतं. मी एक काढलं, सालीचा तुकडा तोडला.

"डोळे मिटा," मी म्हणाले. "मघाशी तुम्ही आजोबांना मिटायला लावलेत तसे."

"हे काय आता?"

"मिटा हो."

त्याने मिटले. त्याच्या पापण्या लांब होत्या. निरीक्षण म्हणून नोंदवते. मी साल त्याच्या नाकाखाली नेऊन चिमटली. बारीक तुषार उडाले, दुकानभर वास पसरला.

"सांगा."

त्याने मान थोडी पुढे आणली. मग हळूच म्हणाला, "लिंबू?"

त्याने डोळे उघडले, माझ्या हातातली नारिंगी साल बघितली, आणि हसायचा प्रयत्न केला. गालाला घडी पडली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ताप येऊन गेला, थंडीत. ताप गेला, जाताना हे घेऊन गेला." त्याने नाकावर बोट टेकवलं. "दुकान काकांचं आहे. त्यांना हे माहीत नाही. गिऱ्हाइकाला मी आठवणीतून सांगतो. कुठल्या बाटलीचा वास कसा, ते सगळं पाठ आहे. पण उघडलेली बाटली बिघडलेली निघाली तर..."

"तर आठवण कामाची नाही."

"हो." त्याने घड्याळाकडे बघितलं. "आणि आता जहाजाच्या बाई येतील."

जहाजाच्या बाई म्हणजे जहाजावरच्या खाण्यापिण्याची खरेदी बघणाऱ्या बाई, हे त्याने मला घाईघाईत सांगितलं. जहाज बंदराला लागलं की त्या यायच्या. काका त्यांच्यासमोर बाटल्या उघडायचे, आधी स्वतः वास घ्यायचे, आणि एखादी बिघडलेली असली तर एक शब्दही न बोलता काउंटरखाली ठेवून द्यायचे. "काका कधी सांगत बसत नाहीत काय बिघडलंय. नुसती बाजूला ठेवतात. त्या बाजूला ठेवण्यावर बाईंचा विश्वास आहे आणि बाईंच्या विश्वासावर हे दुकान. आज काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. नेमकं आजच."

"मग सांगून टाकायचं ना काकांना."

"म्हटलं, आधी त्यांचे डोळे होऊ देत. एकदम डोळे आणि नाक नको."

मला हसू आलं. मग त्यालाही आलं. आणि का कोण जाणे, मी म्हणून गेले, "मी थांबते."

"म्हणजे?"

"मी गिऱ्हाईक आहे ना? काउंटरच्या टोकाला उभी राहते. बाटली उघडलीत की आधी मला थोडी ओता. चांगली असली तर मी केस कानामागे सारीन. खराब असली तर खिडकीतून जहाजाकडे बघेन."

"तुमचं जहाज सुटेल."

"जहाजाच्या बाई इथे असताना कसं सुटेल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही नक्की काय करता?"

"पाणी हुंगते."

"असं असतं?"

"असतं. आणि नाक थकलं की असं करतात." मी कोपर वाकवून स्वतःच्या बाहीचा वास घेतला. "आपला वास आपल्याला जाणवत नाही. नाकाला तेवढीच विश्रांती."

त्याने लगेच आपलं कोपर हुंगून पाहिलं. "माझं नाक तर जन्मभराच्या विश्रांतीवर गेलंय," तो म्हणाला. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

जहाजाच्या बाई उंच होत्या, चष्मा साखळीला लटकलेला, आणि आवाज असा की डेकच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. "काका कुठायत?" त्यांनी विचारलं, उत्तर ऐकलं, "बरं, तू तर तू," म्हणाल्या आणि उंच स्टुलावर बसल्या. मी टोकाला उभी राहून पेल्याशी चाळा करत होते, आणि माझी छाती धडधडत होती. इतकी वर्षं वास घेतले. वास घेताना छाती धडधडल्याचं आठवत नाही.

पहिली पांढरी. स्वच्छ होती, थोडी हिरव्या सफरचंदासारखी. मी केस कानामागे सारले. त्याने बाईंना ओतली, बाईंना आवडली.

दुसरी लाल. ओला पुठ्ठा! बूच एकाच जातीचं असावं. मी खिडकीबाहेर बघितलं. त्याने पेला नाकाशी नेला, किंचित थांबला, आणि एक शब्दही न बोलता बाटली काउंटरखाली ठेवली. काय रुबाबात ठेवली! बाईंनी मान हलवली. "अगदी काकांसारखा," त्या म्हणाल्या. त्याने माझ्याकडे चोरून बघितलं. गालाला घडी.

तिसरीही लाल. मी पेला उचलला आणि... तशी वाइन मी आधी कधी हुंगली नव्हती. काय होतं त्यात? उन्हात तापलेली दगडी पायरी. काळी मिरी. पावसाळी कपाटात विसरून राहिलेलं चामड्याचं पाकीट. मी हात केसांकडे नेला, तेवढ्यात जहाजाचा भोंगा झाला – असा दणकून, की बाटल्या किणकिणल्या आणि मी गर्रकन वळून खिडकीबाहेर पाहिलं. आई! मावशी!

मान वळवून पुन्हा बघते तो काय, ती देखणी बाटली काउंटरखाली चालली होती.

मी भराभर केस कानामागे सारले. ते आधीच तिथे होते. मग दुसऱ्या कानामागे सारले. तो गोंधळला, बाटली अर्धी वर आली. मी पुन्हा सारले. बाटली पूर्ण वर आली. एवढ्यात भोंगा पुन्हा झाला, मी पुन्हा दचकून बाहेर बघितलं, बाटली पुन्हा खाली.

जहाजाच्या बाईंनी साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला. आधी त्याला बघितलं, मग मला.

"हिच्या केसांत काही गेलंय का?"

मी हात केसांवरून खाली घेतला.

"आणि ती बाटली," बाई म्हणाल्या, "खराब आहे की चांगली आहे?"

मला त्याचा चेहरा आठवतो. त्याला काहीही सांगता आलं असतं. ग्लास खराब होता, हात घसरला, सतरा गोष्टी. त्याने बाटली काउंटरवर ठेवली, दोन्ही हात तिच्या बाजूला टेकवले.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला वास येत नाही, बाई. थंडीपासून येत नाही. यांना येतो. मघाची बाटली यांनी बाजूला ठेवली, मी नाही."

बाहेर पाऊस काचेवर टिपटिप करत होता. माझे कान लाल झाले होते, आणि खोटं तर मी काही बोलले नव्हते.

बाई स्टुलावरून त्याच्याकडे झुकल्या. "काकांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"त्यांनी बाजूला ठेवायला शिकवलं मला. तेवढंच शिकवलं. तेच गेलं म्हणून कसं सांगू?"

बाईंनी चष्मा काढला. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ओत ती," त्या म्हणाल्या. घोट घेतला, डोळे मिटले. "ही मी घेते. आणि पुढच्या खेपेला मी इथे येईन, तेव्हा काकांना तुझ्या तोंडून कळलेलं असलं पाहिजे. नसलं, तर मी सांगेन. आणि माझ्या आवाजात सांगितलेलं त्यांना आवडणार नाही." मग माझ्याकडे वळून, "आणि तू, केसवाली! त्या जहाजावर जायचंय ना? मग उभी काय? पळ!"

पळायचं होतं, पण बाटल्या राहिल्या होत्या. त्याने आईसाठी एक काढली, मावशीसाठी एक काढली, आणि माझ्यासाठी शेल्फासमोर उभा राहिला. हात एका बाटलीवरून दुसरीवर जायचा, थांबायचा, पुढे जायचा. शेवटी सगळ्यात वरच्या फळीवरून त्याने एक उतरवली.

"ही आठवणीतली आहे," तो म्हणाला. "अजून तशीच असेल की नाही, सांगता येत नाही."

तो पिशवी घेऊन माझ्याबरोबर बंदराच्या फाटकापर्यंत आला. छत्री एकच होती, माझी, आणि लहान. त्याचा एक खांदा भिजत होता, माझा एक.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"रोज चार वास घ्या म्हणाले. लवंग, लिंबू, असले. काही दिवस घेतले. मग कंटाळलो. चार बाटल्यांसमोर बसायचं आणि रोज नव्याने कळायचं, की काही येत नाही."

"नुसतं हुंगून नाही होत. हुंगताना तो वास आठवायचा. नाकाला वाट सापडत नाही म्हटल्यावर डोक्याने त्याला हाक मारायची." मी माझ्या पिशवीतलं दुसरं संत्रं काढून त्याच्या हातावर ठेवलं. "याच्यापासून करा सुरुवात."

"आणि याची आठवण कुठली काढू?"

"ती तुमची तुम्ही शोधा," मी म्हणाले. माझे कान पुन्हा...

फाटकाशी पहारेकरी पास बघत होता. बाटल्यांची पिशवी त्याने माझ्या हातात दिली. दिली, पण सोडली नाही.

"आमच्याकडे एक नियम आहे," तो म्हणाला. "काकांचा. बाटली खराब निघाली तर बुचासकट परत आणायची. बदलून देतो."

"आणि चांगली निघाली तर?"

त्याने विचार केला. खरंच केला, कपाळावर पावसाचा थेंब ओघळत होता, तो पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"त्यासाठी काकांनी काही नियम केलेला नाही," तो म्हणाला.

हॉलमध्ये शिरताच मावशीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "तीन बाटल्या आणायला गेली होतीस की द्राक्षं लावायला?"

आईची बाटली पहिल्या संध्याकाळी संपली, मावशीची दुसऱ्या. माझी मी तशीच ठेवली होती. केबिनच्या छोट्याशा गॅलरीत, रेलिंगच्या कोपऱ्यात ती उभी असायची, आणि मी येता-जाता तिच्याकडे बघायची. मावशी माझ्याकडे बघायची.

"ती काय आता नवस फेडायला ठेवलीय?" शेवटी तिने विचारलंच.

दुपार होती. समुद्र अगदी शहाण्यासारखा पसरला होता. मी बूच काढलं, पेल्यात ओतली, नाकाशी नेली, आणि मनात – हे कबूल करायला हवं – मनात म्हणाले, ओला पुठ्ठा. ओला पुठ्ठा असू दे. थोडासा चालेल. बुरशीचा एखादा कण.

आलुबुखाराची साल. पेन्सिलीला टोक काढताना लाकडाचा येतो तो वास. आणि अगदी शेवटी, निघून जाताना मागे वळून बघितल्यासारखं, काहीतरी गोड. नितळ होती. ठणठणीत होती. नाक गेलेल्या माणसाने नुसत्या आठवणीवर निवडलेली, आणि एकही दोष नाही.

आयुष्यभर मी दोष शोधत आले. आयुष्यात पहिल्यांदा मला एक हवा होता, तर तो नव्हता.

"काय गं? तोंड का पाडलंस?" आई म्हणाली. "खराब आहे?"

"नाही. फार चांगली आहे."

"मग?"

मग मी सगळं सांगितलं. भोंग्यापर्यंत आल्यावर मावशी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. आई हसली नाही. ती माझ्या पेल्यातला एक घोट घेऊन समुद्राकडे बघत राहिली.

"त्याच्या दुकानात कसला वास होता गं?" तिने विचारलं.

"करपलेल्या कॉफीचा."

"आणि तू थांबलीस?"

मी तिच्या हातातला पेला परत घेतला.

"डांबराच्या गोळ्यांपेक्षा बरा असेल," मावशी म्हणाली. "मग जाऊन सांग, खराब निघाली म्हणून. हाय काय अन् नाय काय!"

"वासाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही, मावशी."

"मग बस जन्मभर पाणी हुंगत," मावशी म्हणाली आणि माझ्याच बाटलीतून स्वतःला ओतून घेतली. "बरी आहे. बरी कसली... उत्तम आहे. चांगलाच आहे तुझा आंधळा."

"आंधळा नाही गं, त्याला वास येत नाही."

"तेच ते. तुझ्या घरात एकालाच नाक असलेलं बरं. दोन झाली तर स्वयंपाक कोण करू धजेल?"

बाटली तिघींनी मिळून संपवली. बूच मी रुमालात गुंडाळून ठेवलं. का ठेवलं, ते कुणी विचारलं नाही.

परतीच्या सकाळी बंदरावर कोवळं ऊन होतं. उतरायच्या रांगेत मावशीला उगाचच मळमळायला लागलं – बोट थांबल्यावर! – आणि मी तिला संत्रं सोलून दिलं. टॅक्सी मिळाली, सामान चढलं, तेव्हा मी म्हणाले, "मी आलेच. एक बाटली परत करायचीय."

"रिकामी?" आई म्हणाली.

"नियम आहे म्हटल्यावर पाळायला नको?" मावशी म्हणाली.

काउंटरमागे एक गृहस्थ होते. काळा चष्मा, पांढऱ्या भुवया. काका. त्यांच्या मागे शिडीवर पाठमोरा तो, वरची फळी पुसत होता. घंटा वाजली तरी वळला नाही.

"बोला," काका म्हणाले.

"बाटली... खराब निघाली," मी म्हणाले. "बुचासकट आणलीय."

शिडीवरचं फडकं थांबलं.

काकांनी बाटली घेतली. हातात तोलली. रिकामी होती, हे कळायला डोळे लागत नाहीत. मग त्यांनी बूच घेतलं, नाकाशी नेलं आणि सावकाश, पूर्ण श्वास घेतला. हे नाक धडधाकट होतं.

"हं," काका म्हणाले. त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं. "फारच खराब. शेवटच्या थेंबापर्यंत खराब निघालेली दिसतेय." आणि एक शब्दही पुढे न बोलता त्यांनी बाटली काउंटरखाली ठेवली. "अरे, उतर खाली. हिला बदलून दे. नीट बघून दे, घाई करू नकोस. मला डोळ्यांत औषध घालायचंय." पडद्यापाशी थांबून ते म्हणाले, "आणि बाई, नाकाचं मला कळलंय बरं का. पठ्ठ्याने दवाखान्यातच सांगितलं. पट्टी सुटायच्या आधी."

पडदा हलला, थांबला. तो शिडीवरून उतरला. हातात फडकं तसंच.

"काका कधी खोटं बोलत नाहीत," तो म्हणाला.

"मीही नाही बोलत."

"तुमचे कान लाल झालेत."

"ऊन आहे बाहेर."

त्याने काउंटरखालून बाटली काढली, नाकाशी धरली. यावेळी श्वास घेतला; मी बघत होते. छाती भरून घेतला. मग मान हलवली.

"नाही. काहीच नाही. रोज करतोय हं, सकाळ-संध्याकाळ. आठवणीसकट." तो हसला, पण थकल्यासारखा. "सकाळपासून तेच चाललंय. नाक थकलं असेल."

"कोपर हुंगा मग."

"माझ्या कोपराने काही होत नाही."

मी काय केलं ते सांगते. मी हात काउंटरवरून पुढे केला आणि कोपर वाकवून त्याच्यासमोर धरलं.

"माझ्या अंगाला कसलाच वास नसतो," मी म्हणाले. "विश्रांतीला बरं."

माझा हात धरून तो वाकला. त्याचे केस माझ्या मनगटाला लागले. मी श्वास धरून ठेवला होता, त्याने मात्र घेतला. एकदा. मग थांबला. मग डोळे मिटून, पुन्हा. लांब पापण्या, मघाशी... आठवड्यापूर्वी नोंदवल्या होत्या त्याच.

"संत्रं," तो म्हणाला.

"अंदाज?"

"अंदाज नाही." त्याचा आवाज हलला. "लांबून येतंय... पलीकडच्या खोलीत कुणी सोलत असल्यासारखं. पण येतंय. संत्रं आहे. आहे ना?"

बाहीवर मावशीच्या संत्र्याचा एक पुसटसा डाग होता. मी मान डोलावली. त्याने डोळे उघडले. ते भरले होते, आणि गालाला घडी पडली होती, आणि त्याने माझा हात सोडला नव्हता.

"पुन्हा घेऊ?" त्याने विचारलं.

"घे," मी म्हणाले.

पिशवीतला फोन वाजला. आई होती. मागून मावशीचा आवाज येत होता, की विचार तिला, बाटली बदलतेय की माणूस.

"किती वेळ गं?" आई म्हणाली. "टॅक्सीवाला कुरकुरतोय."

मी खिडकीबाहेर पाहिलं. पांढरं जहाज, ऊन, रस्त्यापलीकडे थांबलेली टॅक्सी. मग फोन खांद्याशी दाबून धरला आणि मोकळ्या हाताने केस कानामागे सारले.

"आई," मी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे."